दोन सीट आणि तिसरा मेंबर

लाल रंग, ओपन टॉप, खाली बसकी सीट आणि सिग्नलवर वळून बघणारं पब्लिक. अशी गाडी विकायची म्हणजे मन घट्ट करावं लागतं. आणि तोंड उघडं ठेवावं लागतं!

आमच्या जाहिरातीत विकण्याचं कारण एकाच शब्दात होतं : बाळ. गाडीला सीट दोन आणि घरात माणसं तीन. कार सीट ठेवायची कुठे, डिकीत?

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. आठवतेय? नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आलेली, गोव्यात बनलेली टू-सीटर. फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ताकद जेमतेम ६० हॉर्सपॉवर. आकडे ऐकून हसू नका. गाडी हलकी, बसायची जागा रस्त्याला चिकटून आणि डोक्यावर आभाळ. साठचा स्पीडही शंभरचा वाटतो. लग्नाआधी आम्ही दर पावसाळ्यात तिच्यातून तानसाला जायचो. शहापूर मागे टाकायचं, आटगावला हायवे सोडायचा, मग साग, भाताची खाचरं आणि समोर मुंबईला १८९२ पासून पाणी पाजणारा तलाव. नवऱ्याने प्रपोजही तिथेच केलं, टपावरून गळणारं पाणी रुमालाने पुसत.

म्हणूनच टेस्ट ड्राइव्हला तोच रस्ता निवडला. गिऱ्हाईक म्हणजे ठाण्यातला आयटीवाला, वय सत्तावीस. स्टिअरिंग हातात आल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. परतताना आटगावच्या टपरीवर चहा घेतला आणि पठ्ठ्या म्हणाला, "ताई, डन! टोकन आत्ताच देतो. उद्याच आईला घेऊन कसारा घाटातून नाशिकला जातो."

इथे माझा चहा गार झाला. टप गळतो, दारापाशी फायबरला बारीक तडा आहे, हे मी आधीच सांगितलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. राहिली म्हणजे काय, मीच ठेवली होती. टेम्परेचरचा काटा कायम मधोमध असतो. इंजिन थंड असो की तापलेलं, काटा आपला मध्यावर. आम्हाला सवय होती, शहरात काही बिघडलं नव्हतं. पण घाटात, चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये? कूलंट कमी झालं तर त्याला कळणार कधी? बोनेटमधून वाफ आल्यावर. आणि शेजारच्या सीटवर त्याची आई.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगून टाकलं.

पोरगा गप्प. मग म्हणाला, "हे जाहिरातीत नव्हतं." बरोबरच होतं त्याचं. टोकन खिशातच राहिलं.

'किरकोळ काम' म्हणजे नक्की काय?

जुन्या गाडीच्या जाहिरातीतला हा सगळ्यात लाडका शब्द. आमचा साधा फंडा आता असा : ज्याने गाडी वाईट दिसते ते किरकोळ. ज्याने गाडी रस्त्यात थांबू शकते किंवा थांबवता येत नाही, ते किरकोळ नाही, मग पार्ट दोनशे रुपयांचा का असेना. पहिल्या प्रकाराचे पैसे किमतीतून कमी करा. दुसऱ्या प्रकाराचं काम विकायच्या आधी स्वतः करून घ्या.

हौसेचा हिशेब

मॉडिफिकेशनवर तुम्ही घातलेले पैसे गिऱ्हाईक परत देत नाही. उलट प्रश्न विचारतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. रंग बदलला तर चालतो, पण आरसी बुकात नोंद हवी. आमची गाडी लाल आणि आरसीवर चंदेरी! आधी ती नोंद करून घेतली. दणदणाट करणारा सायलेन्सर काढला आणि बाल्कनीत जपून ठेवलेला मूळचा बसवला. मूळ पार्ट कधीच भंगारात देऊ नका.

"ही तर व्हिंटेज आहे" असं म्हणून भाव वाढवू नका. २०२१ च्या नियमानुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपातली लागते. आपली गाडी १५ वर्षांवर गेली असेल तर रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का, ते बघा. एप्रिल २०२२ मध्ये खासगी कारचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या कारसाठी १०,०००. हा खर्च कोणाचा, ते किंमत ठरवतानाच बोलून घ्या.

चावी दिली, सुटलो?

अजिबात नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, चालू इन्शुरन्स, पीयूसी हे सगळं हवंच. विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. नव्या मालकानेही तेवढ्याच दिवसांत इन्शुरन्स आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, की अपघात झाला तर रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक. कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळं होणाऱ्यांनो, ऐकताय ना?

आणि आमचं गिऱ्हाईक? हायवेवरच्या गॅरेजवाल्या काकांनी सेन्सर बदलला, रेडिएटरचा कुजका पाइपही काढला. "हा घाटात गेलाच असता," काका म्हणाले. त्या पाइपचा फोटो मी पोराला पाठवला. तो परत आला, किंमत पंचवीस हजारांनी पाडली आणि गाडी घेऊन गेला. मी भाव केला नाही.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. कसारा घाटाच्या माथ्यावर लाल गाडी, शेजारी पदर सावरत हसणारी आई. खाली एकच ओळ : "ताई, काटा हलतोय."