पंपाले कितलं?

सकाळी सहा. चहा व्हायच्या आत मी पेपर मोठ्यानं वाचतो, तोही मुद्दाम अडखळत. "क-क-कपाशी", सैल जिभेनं, घसा न आवळता. शब्द अडेल या धास्तीनंच घसा आवळतो आणि मग शब्द जास्त अडतो. आपणहून अडखळलं की धास्तीचा जोर ओसरतो. हे शिकवणारे अमेरिकेतले वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः तोतरे होते. लहानपणी जीभ सुटावी म्हणून घरचे माझ्या जिभेला वेखंड चोळायचे. माझ्या जिभेत दोष नव्हताच.

नऊ. कृषी सेवा केंद्राचं शटर वर. ऑगस्ट महिना, कपाशीवर मावा-तुडतुडे, त्यामुळे धरणगावच्या आसपासच्या खेड्यांतून माणसं सकाळीच येतात.

अकरा. काउंटरवर गर्दी. "भाऊ, पंपाले कितलं टाकू?" हाच प्रश्न दिवसभर.

अडणारा शब्द टाळून दुसरा घालायचा, ही आम्हा तोतऱ्यांची जुनी युक्ती. जळगावच्या तिकीट खिडकीवर 'धरणगाव' निघेना, म्हणून मी कितीदा पुढच्या अमळनेरचं तिकीट काढलंय आणि इथंच उतरलोय. काउंटरवर ती सोय नाही. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं नाव बदलून चालत नाही. 15 लिटरच्या फवारणी पंपाला किती मिली, तो आकडा जिभेला सोपा जावा म्हणून बदलता येत नाही. आणि शेवटचं वाक्य तर गिळायचंच नाही: तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, वाऱ्याच्या उलट फवारू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले. तेव्हापासून हे वाक्य कितीही वेळ लागला तरी मी पूर्ण करतो.

म्हणून आधीच सांगून टाकतो, "मी अडखळतो, जरा थांबा." मग शब्द अडला तर धक्का मारत नाही. तिथंच थांबतो, ओठ-जबडा सैल सोडतो, पहिला स्वर लांबवून पुढे सरकतो. "इऽऽमिडा..." म्हातारी माणसं म्हणतात, "घाई नई शे, भाऊ." तरण्या पोरांपैकी एखादा माझा शब्द स्वतःच पुरा करतो, त्याला मी हात करून थांबवतो आणि पुन्हा म्हणतो. डोस चिठ्ठीवर लिहूनही देतो, पण बोलून झाल्यावर.

दोन. मालासाठी डेपोला फोन. फोन सगळ्यात अवघड, कारण समोरच्याला माझा अडलेला चेहरा दिसत नाही. नुसती शांतता ऐकून तो "हॅलो, हॅलो" करतो आणि ठेवून देतो. मेसेज करता येतो, तरी मी परत फोनच लावतो.

सात. मुलीसोबत बालकवींची कविता. ते जन्मले धरणगावातच, 1890 साली. दोघं एका सुरात म्हणतो तेव्हा मी एकदाही अडत नाही. सोबतीनं वाचताना बहुतेक तोतऱ्यांचं असंच होतं. त्याचा आनंद मोठा आहे, पण दुकानात माझ्यासोबत कोण बोलणार?

नऊ. इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनमुळे ओळख झालेले मित्र फोनवर. ही संघटना तोतऱ्यांनीच उभी केली. इथं कुणी कुणाचं वाक्य पुरं करत नाही. आज मी उद्याच्या पालकसभेची तालीम केली. शाळेच्या पाण्याच्या टाकीचा विषय मांडायचाय. 'टाकी'चा ट मला हमखास अडतो. एक जण म्हणाला, "ह-ह-हौद म्हण की." नाही, टाकीच म्हणणार.