टॅब, कळफलक आणि काही पथ्ये

बालाजी महाराजांच्या आश्विनातील यात्रेला देऊळगाव राजाची लेकरे पुण्या-मुंबईहून गावी येतात. येताना आईवडिलांसाठी पूर्वी लुगडे, धोतर किंवा उबदार पांघरूण येत असे. अलीकडे बऱ्याच घरांत टॅब येतो. दोन दिवस नातवंडे आजोबांना तो शिकवतात. यात्रा संपते, मुले परततात आणि टॅब कपाटात जातो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "आता या वयात कुठे जमते!"

जमत नाही, हे खरे. परंतु त्याला वय जबाबदार असतेच असे नाही. पुष्कळदा दोष साधनाच्या मांडणीत असतो. हे मला माझ्या एका रुग्णाने शिकवले.

वय वर्षे चौऱ्याहत्तर. कचेरीत तीस वर्षे मराठी टंकलेखन केलेले गृहस्थ. सहा वर्षांपासून कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा, आजार. या आजारात हात थरथरतो हे सर्वांना ठाऊक असते. पण आवाज क्षीण होतो आणि हस्ताक्षर बारीक होत जाते, याकडे फारसे लक्ष जात नाही. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे आता बोलतच नाहीत. दहा वेळा 'काय म्हणालात' असे विचारावे लागते, मग कंटाळून गप्प बसतात." मुलाने कळफलकाचे कव्हर असलेला टॅब दिला होता, तो 'बिघडला' म्हणून त्या सोबत घेऊन आल्या होत्या. काकांनी 'नमस्कार' लिहायला घेतले की 'नननमममस' उमटे. टॅब बिघडलेला नव्हता. कंपवातात बोट कळीवर जाते, पण उचलायला उशीर होतो; दाबून धरलेली कळ तेच अक्षर पुनःपुन्हा उमटवते. सेटिंगमधील ही पुनरावृत्ती मी बंद करून दिली.

जुन्या टंकयंत्रावरील अक्षरांची जागा निराळी, या कळफलकावरील निराळी. नवी रचना शिकायला काकांना महिना लागला. पुढच्या भेटीत त्यांनी माझ्या टेबलावर टॅब उघडला आणि सावकाश टंकू लागले. चार मिनिटे गेली. बाहेर रुग्ण ताटकळले आहेत, हा विचार माझ्या मनात आला, हे कबूल करतो. पडद्यावर तीन छोटी वाक्ये होती : "पाणी पिताना ठसका लागतो. तीन महिने झाले. घरी सांगितले नाही."

कंपवातात गिळण्याची क्रिया मंदावते. पाणी किंवा अन्न श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला संसर्ग होणे हे या आजारातील मोठे संकट आहे. दोन वर्षे मी प्रश्न काकांना विचारत होतो आणि उत्तरे काकू देत होत्या. ज्या प्रश्नाचे उत्तर काकूंनाही ठाऊक नव्हते, तो तसाच राहून गेला होता. म्हणून हा लेख.

काच आणि कळ

टॅबची काच बोटाच्या त्वचेतून होणारा सूक्ष्म विद्युत्-बदल ओळखते. उतारवयात त्वचा कोरडी पडते, विशेषतः हिवाळ्यात. मग काच बोटाला प्रतिसाद देत नाही आणि माणूस अधिक जोराने दाबू लागतो. जोराचा येथे उपयोग नसतो, वेदना मात्र वाढते. शिवाय काचेवर बोट टेकवून विसावता येत नाही, टेकले की काहीतरी उघडते. हात सतत अधांतरी धरल्याने खांदा भरून येतो. त्यातच पडद्यावरील कळफलक निम्मी जागा व्यापतो आणि लिहिलेले दिसेनासे होते. खऱ्या कळफलकावर बोटाला कळीची कड जाणवते, कळ दबल्याचे कळते आणि पडदा पूर्ण मोकळा राहतो. संधिवात, हातांचा कंप, मंद दृष्टी किंवा अर्धांगवायूनंतरचे अस्पष्ट उच्चार यांपैकी काही असेल, तर हा फरक फार मोलाचा ठरतो.

मात्र एक भेद लक्षात घ्यावा. अर्धांगवायूनंतर केवळ जीभ जड झाली असेल आणि भाषा शाबूत असेल, तर कळफलक बोलण्याची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. मेंदूतील भाषेचे केंद्रच दुखावले असेल, तर लिहिणेही अडते. अशा रुग्णाला "आता लिहून दाखवा" असा आग्रह करणे क्लेशदायक होते. त्याला चित्रांचा तक्ता अधिक उपयोगी पडतो. आपला रुग्ण कोणत्या प्रकारात मोडतो, हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

कोणता घ्यावा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला, टॅबच्या कव्हरलाच जोडलेला. तो सुटसुटीत दिसतो, पण दहा-अकरा इंची टॅब सुमारे अर्धा किलोचा असतो आणि असे कव्हर चढवले की वजन जवळजवळ दुप्पट होते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यांना हे एका हाताने उचलणे त्रासाचे जाते. दुसरा, सुटा ब्लूटूथ कळफलक आणि वेगळा स्टँड. घरी एका जागी बसून वापरणाऱ्या वृद्धांसाठी मी हाच सुचवतो. पडदा उंच आणि कळा खाली ठेवता येतात. तिसरा, वायरचा साधा कळफलक. योग्य जोडणी मिळाल्यास बहुतेक टॅबना तो चालतो. त्याला चार्जिंग लागत नाही आणि दर वेळी जोडणीची कटकटही नसते. मात्र बऱ्याच टॅबना एकच छिद्र असल्याने तेवढ्या वेळात टॅब चार्ज होत नाही.

कळा मोठ्या, एकमेकींपासून सुट्या आणि अक्षरे ठळक असावीत. काळ्या कळीवर पांढरे अक्षर मोतीबिंदू असलेल्यांनाही बऱ्यापैकी दिसते. स्टँड जड बुडाचा घ्यावा. हलका स्टँड थरथरत्या हाताच्या धक्क्याने कोलमडतो. ई-संजीवनी या सरकारी सेवेतून व्हिडिओवर सल्ला घेतानाही असा स्टँड उपयोगी पडतो, कारण डॉक्टरांना चेहरा स्थिर दिसतो आणि रुग्णाचे दोन्ही हात मोकळे राहतात.

मराठी अक्षरांचे काय?

विकत घेण्यापूर्वी दुकानातच एक परीक्षा घ्यावी. कळफलक जोडून 'ज्ञानेश्वर', 'कृष्ण' आणि 'बाळ' हे तीन शब्द लिहून पाहावेत. पडद्यावर मराठी उमटवणारी सोय खऱ्या कळफलकाबरोबर चालेलच असे नाही. ते टॅबवर आणि त्याच्या आवृत्तीवर अवलंबून असते.

ज्यांना इंग्रजी कळा ठाऊक आहेत, त्यांना उच्चारानुसार लिहिण्याची पद्धत सोपी जाते. ज्यांना मुळापासून शिकायचे आहे, त्यांनी इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण रचना शिकावी. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबले की 'ख' येतो, 'ल'च्या कळीवर 'ळ'. ही शिस्त एकदा उमगली की पाठांतर कमी लागते. देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या आपल्या रचनेच्याच आहेत ना, हे पाहून कळांवर लावाव्यात.

हात कापत असेल तर

सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' हा विभाग असतो. बोट उचलायला उशीर होत असेल, तर अक्षराची पुनरावृत्ती, म्हणजे 'की रिपीट', बंद करावी. चुकून शेजारच्या कळीला स्पर्श होत असेल, तर 'स्लो कीज' सुरू करावे. मग कळ क्षणभर दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. कंपामुळे एकच कळ दोनदा दाबली जात असेल, तर काही नव्या टॅबमध्ये 'बाउन्स कीज'ची सोय आहे. एकाच हाताने टंकणाऱ्यासाठी 'स्टिकी कीज' असते. शिफ्ट आणि अक्षर एकाच वेळी दाबण्याची गरज उरत नाही. या सोयी फुकट आहेत आणि बहुतेक घरांत त्या कोणी उघडूनही पाहिलेल्या नसतात.

मान, मनगट, डोळे

टॅब मांडीवर ठेवून मान खाली घालून बसणे टाळावे. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. कोपर काटकोनात, मनगट सरळ आणि पावले जमिनीवर टेकलेली असावीत. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांनी मात्र पडदा आणखी खाली घ्यावा. एरवी खालच्या भिंगातून पाहण्यासाठी ते हनुवटी वर उचलतात आणि मान दुखते. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. पडदा खिडकीसमोर ठेवू नये. त्याची चकाकी मोतीबिंदूच्या रुग्णांना फार खुपते.

छातीवर टॅब नको

हा भाग कृपया दोनदा वाचावा. पुष्कळ कव्हरे लोहचुंबकाने बंद होतात किंवा टॅबला चिकटतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा हृदयाला झटका देणारे डिफिब्रिलेटर यंत्र बसवले आहे, त्यांनी असे कव्हर छातीजवळ आणू नये. चुंबक अगदी निकट आल्यास पेसमेकर ठरावीक गतीने चालू लागतो आणि डिफिब्रिलेटरची जीवरक्षक झटका देण्याची क्रिया तात्पुरती थांबू शकते. २०१३ मध्ये अमेरिकेत हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांवरील तज्ज्ञांच्या परिषदेत एका चौदा वर्षांच्या मुलीने याविषयीचा अभ्यास मांडला होता. डिफिब्रिलेटर बसवलेल्या २६ जणांपैकी सुमारे ३० टक्के व्यक्तींत, आयपॅड २ छातीवर ठेवताच यंत्रावर चुंबकाचा परिणाम दिसला. वाचता वाचता टॅब छातीवर ठेवून डोळा लागणे, ही तर आपल्याकडे रोजची गोष्ट.

म्हणून टॅब, त्याचे कव्हर आणि कळफलक यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर, दूर ठेवावेत. टॅबचे पेन आणि इअरफोनची डबी यांतही चुंबक असू शकतो. त्या वस्तू सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नयेत. मेंदूतील पाणी काढण्यासाठी बदलत्या दाबाची झडप बसवलेल्यांनीही आपल्या शल्यचिकित्सकांना विचारून घ्यावे. घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. टेबलावर ठेवून टॅब वापरणे सुरक्षित आहे आणि चुंबक दूर नेताच यंत्र सामान्यतः पूर्ववत होते. तरीही चक्कर आली किंवा धडधड जाणवली, तर चुंबक तत्काळ दूर करून डॉक्टरांना गाठावे.

काही उपकरणांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. लहान नातवंडाने तो गिळला, तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. केळी खायला घालून वाट पाहत बसू नये. थेट रुग्णालय गाठावे. चार्जिंगची वायर चालण्याच्या वाटेत नसावी. वृद्धांचे खुब्याचे हाड मोडायला तेवढे निमित्त पुरते.

जवळच्यांसाठी चार शब्द

एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी. चूक झाली की टॅब हातातून ओढून घेऊन "थांबा, मी करून देतो" असे म्हणू नये. वाक्य पूर्ण होण्यापूर्वी आपण ते पुरे करू नये; रुग्णाला निराळेच काही म्हणायचे असेल.

आणखी एक गोष्ट. काल नीट लिहिणारी व्यक्ती आज अचानक निरर्थक अक्षरे लिहू लागली, एक हात कळांवरून घसरू लागला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे बोबडे झाले, तर तो टॅबचा बिघाड समजू नये. तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. तेव्हा वेळ नोंदवून तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काकांना मी जालन्याला तज्ज्ञांकडे पाठवले. गिळण्याची तपासणी झाली, औषधांच्या वेळा जेवणाशी जुळवल्या गेल्या. ताठ बसून लहान घोट घेणे आणि घास गिळून झाल्याशिवाय न बोलणे, हे त्यांना शिकवण्यात आले. ठसका पूर्ण गेलेला नाही, पण कमी झाला आहे; छातीचा संसर्ग अद्याप झालेला नाही. मागच्या भेटीत काकूंनी तक्रार केली, "आता हे टॅबवर माझ्या भाजीला मीठ कमी आहे, असे लिहून दाखवतात." काका हसत होते. त्यांच्या आजारात चेहऱ्यावर हसू उमटायलाही वेळ लागतो. मी थांबलो आणि ते पूर्ण उमटलेले पाहिले.