गिअरबॉक्सचे बळकटीकरण

मोटारगाडीत मूळ इंजिनापेक्षा अधिक बलशाली इंजिन बसविल्यास वाढलेला भार पेलता यावा म्हणून तिच्या हस्तचालित गिअरबॉक्समध्ये ज्या सुधारणा केल्या जातात, त्यांना गिअरबॉक्सचे बळकटीकरण असे म्हणतात. यात दातेरी चाके, शाफ्ट, बेअरिंग, सिंक्रोनायझर, बाहेरील पेटी, क्लच आणि वंगण या सर्वांचा विचार करावा लागतो. एकच भाग मजबूत केला, तर बिघाड टळत नाही. तो साखळीतील पुढच्या कमकुवत दुव्याकडे सरकतो.

शक्ती आणि टॉर्क

इंजिनाची ओळख सामान्यतः अश्वशक्तीने करून दिली जाते. परंतु गिअरच्या दात्यांवर येणारा भार टॉर्कवर, म्हणजे शाफ्टला पीळ देणाऱ्या जोरावर, अवलंबून असतो. टॉर्क (न्यूटन-मीटर) आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या यांच्या गुणाकारास ९,५५० ने भागले असता शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. त्यामुळे तेवढीच शक्ती कमी फेऱ्यांत द्यावयाची झाल्यास टॉर्क त्याच प्रमाणात वाढतो.

याचे ठळक उदाहरण साखर कारखान्यात दिसते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ही उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेली औद्योगिक वसाहत होय. साखर कारखान्याभोवती वाढलेल्या या गावात पुढे वालचंदनगर इंडस्ट्रीज या कंपनीने साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रे आणि अवजड गिअरबॉक्स तयार केले. ऊस पिळणारे रोलर अतिशय सावकाश फिरतात, तर त्यांना चालविणारी टर्बाइन किंवा मोटर वेगाने फिरते. मिनिटाला १,५०० फेऱ्या करणाऱ्या ५०० किलोवॉटच्या मोटरचा टॉर्क सुमारे ३,१८३ न्यूटन-मीटर असतो. तीच शक्ती मिनिटाला ५ फेऱ्या करणाऱ्या शाफ्टवर नेली, तर घर्षणातील घट वगळता टॉर्क ९ लाख ५५ हजार न्यूटन-मीटर होतो. शक्ती तीच राहूनही शेवटच्या गिअरचे दाते पहिल्या गिअरपेक्षा कितीतरी जाड व रुंद असावे लागतात, त्याचे कारण हेच.

मोटारगाडीलाही हाच नियम लागू पडतो. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविण्याची पद्धत एकेकाळी प्रचलित होती. ३० किलोवॉट शक्ती ४,००० फेऱ्यांना देणाऱ्या इंजिनाचा त्या वेगाला टॉर्क सुमारे ७२ न्यूटन-मीटर असतो; तेवढीच शक्ती २,००० फेऱ्यांना देणाऱ्या इंजिनाचा तो सुमारे १४३ न्यूटन-मीटर भरतो. कागदावरील शक्ती समान असूनही गिअरबॉक्सवरील भार दुप्पट होतो. शिवाय डिझेल इंजिनाचे हिसकेही अधिक तीव्र असतात.

बिघाड कोठे होतो

१०० न्यूटन-मीटर टॉर्क २५ मिलिमीटर त्रिज्येच्या गिअरवर आला, तर दात्यावर ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोग्रॅम वजनाएवढा जोर पडतो. टॉर्क दुप्पट झाला की हा जोर दुप्पट होतो, मात्र प्रत्येक भागावरील परिणाम सारखा नसतो:

- दात्याच्या मुळाशी येणारा वाकविणारा ताण दुप्पट होतो. वारंवारच्या ताणाने तेथे बारीक तडा पडतो आणि अखेर दाता तुटतो.
- दोन दात्यांच्या स्पर्शपृष्ठावरील ताण भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.४ पट वाढतो. त्यामुळे पृष्ठभागावर खड्डे पडू लागतात.
- बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. भार दुप्पट झाल्यास ते एक अष्टमांशावर येते.
- तिरकस दात्यांचे गिअर परस्परांना बाजूला आणि शाफ्टच्या दिशेने ढकलतात. शाफ्ट वाकला किंवा पेटी ताणली गेली, की दाते पूर्ण रुंदीने न टेकता एका कडेवर टेकतात आणि तेथूनच तुटण्यास सुरुवात होते.

मागील चाकांनी चालणाऱ्या जुन्या गाड्यांत चौथा गिअर बहुधा थेट असतो; इंजिनाचा टॉर्क दात्यांतून न जाता सरळ मुख्य शाफ्टवर जातो. पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये मात्र टॉर्क वाढवून पुढे दिला जात असल्याने बहुतेक मोडतोड तेथेच होते.

बळकटीकरणाचे उपाय

दात्यांची रुंदी व जाडी वाढविणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. परंतु मूळ पेटीतील जागा मर्यादित असल्याने तो क्वचितच पूर्णतः साधतो. त्यामुळे धातू आणि त्यावरील प्रक्रियेकडे वळावे लागते. निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेल्या मिश्रपोलादाचे गिअर कार्बनयुक्त वातावरणात तापवून त्यांचा पृष्ठभाग कठीण करतात. आतील गाभा मात्र चिवट ठेवतात. कठीण पृष्ठभाग झीज रोखतो आणि चिवट गाभा धक्का सोसतो. दात्याच्या मुळावर पोलादी गोळ्यांचा मारा केल्यास तेथे दाबाचा ताण साठतो आणि तडा पडणे लांबते.

शर्यतीच्या गाड्यांत सरळ दात्यांचे गिअर वापरतात. त्यांत शाफ्टच्या दिशेने रेटा येत नाही, पण आवाज फार होतो. म्हणून रोजच्या वापरास ते सोयीचे नसतात. अधिक क्षमतेची बेअरिंग बसविणे, शाफ्टला मध्ये आधार देणारी पट्टी लावणे आणि पेटी अधिक ताठ करणे, हे उपाय गिअरच्या धातूइतकेच महत्त्वाचे आहेत.

क्लचचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. नव्या इंजिनाचा टॉर्क पेलण्याइतका तो सक्षम हवाच. परंतु गरजेपेक्षा फार जोरकस क्लच बसविल्यास एरवी तो घसरून शोषून घेत असलेले धक्के सरळ दात्यांवर जातात. पेडल एकदम सोडले असता फिरत्या फ्लायव्हीलच्या संवेगामुळे इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षाही मोठा धक्का बसू शकतो. त्यामुळे चालकाची सवय हाही गिअरबॉक्सच्या आयुष्याचा एक घटक ठरतो.

वंगणाची निवडही जपून करावी लागते. अतिदाबासाठीच्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पितळी सिंक्रोनायझर कड्यांना अपायकारक ठरतात. म्हणून अधिक कडक तेल ते अधिक चांगले, असे समीकरण मांडता येत नाही.

संपूर्ण गिअरबॉक्स बदलणे

वालचंद हिराचंद यांच्याच पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तिच्या पद्मिनी गाडीत १,०८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन आणि चार गिअरांची पेटी होती. १९८५ मध्ये आलेल्या, फियाट १२४ वर आधारलेल्या प्रीमियर ११८ एनई या गाडीत कंपनीने निस्सानचे १,१७१ घन सेंटिमीटरचे इंजिन घेतले, तेव्हा त्यासोबत गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला. परस्परांसाठी घडविलेली अशी जोडी घेणे हे जुनी पेटी वाढवीत नेण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त व भरवशाचे ठरते. मात्र त्यासाठी पेटीचे आधार, प्रॉपेलर शाफ्टची लांबी आणि क्लचची जोडणी नव्याने जुळवावी लागते.

सुरक्षितता आणि कायदा

गिअरबॉक्स टिकला, तरी वाढलेला टॉर्क पुढे डिफरन्शियल व ॲक्सलवर जातो आणि वाढलेला वेग ब्रेकना आवरावा लागतो. वेग दुप्पट झाल्यास गाडी थांबविताना ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते. म्हणून इंजिनबदलात ब्रेक, टायर व स्टिअरिंग यांची तपासणी अनिवार्य मानली जाते.

नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाई आहे. वेगळ्या इंधनासाठी करावयाच्या बदलांना विहित अटींवर मुभा दिलेली आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या मनाईवर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असलेले बळकटीकरणही सार्वजनिक रस्त्यावर आपोआप वैध ठरत नाही. काम हाती घेण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे आवश्यक असते.