पाटणादेवीच्या आकाशातला मृग

चाळीसगावजवळ पाटणादेवीला १२०७चा शिलालेख आहे. गणिती-ज्योतिर्विद भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने तिथे मठ काढला, अशी त्यात नोंद. जळगाव-धुळ्याच्या झगमगाटापासून दूर, अशा जागी जानेवारीत मृग नक्षत्र टिपायला दुर्बीण लागत नाही. ५० मिमीची साधी लेन्स, ट्रायपॉड, आयएसओ १६०० पुरे. शटर मात्र पाच-सहा सेकंदच. पृथ्वी फिरते, तारे सेकंदाला १५ विकला सरकतात आणि ठिपक्यांच्या रेघा होतात. असे शंभरेक फोटो संगणकावर एकावर एक रचले की मृगातल्या तीन ताऱ्यांच्या बाणाखालच्या तीन पुसट ताऱ्यांतला मधला फुलतो. तो १३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ! दिसतो लालभडक नव्हे, गुलाबीसर, कारण हायड्रोजनचा तांबडा प्रकाश कॅमेऱ्यातला फिल्टरच बराचसा अडवतो. फोकस हाताने, व्याधावर साधा. ऑटोफोकस अंधारात नुसता चाचपडतो.