एका थेलरचा दंड

आमच्या एका पुतण्यानें गेल्या दिवाळींत भीमपलासांत एक लहानशी चीज बांधली व फराळ आटोपल्यावर ती सर्व मंडळींस म्हणून दाखविली. आमच्या मातोश्रींनीं ‘छान हो बाळ’ म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरविला, वडील बंधूंनीं डोळे मिटून मान डोलविली, मुलांनीं टाळ्या पिटल्या. अंतऱ्याची दुसरी ओळ समेजवळ येतांना घुटमळते आणि अस्ताईंतलीच एक जागा तींत पुन्हां येते, हें आमच्या ध्यानांत आलें होतें; पण सणासुदीचे दिवस, मुलाचा हिरमोड कशाला करा, म्हणून आम्हीही मान डोलवून मोकळे झालों. चार दिवसांनीं तो रात्रीं आमच्या खोलींत आला आणि म्हणाला, ‘काका, घरांत सगळेच चांगलें म्हणतात. चुकलें कोठें, तें कोणी सांगतच नाहीं.’ आम्हांस त्या वेळीं लाज वाटली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

त्या रात्रीं आम्हीं त्यास एक हकीकत सांगितली. ती जर्मनींतली, सुमारें एकशेंसत्तर वर्षांपूर्वींची, आणि तिच्यांतील संगीत आपल्या संगीताहून अगदीं निराळ्या घडणीचें. तथापि नवी रचना करावयास शिकणाऱ्या कोणासही ती ऐकण्यासारखी आहे, म्हणून वाचकांपुढें ठेवीत आहों.

योहानेस ब्राम्स हा हाम्बुर्ग शहरीं ७ मे १८३३ रोजीं जन्मला. त्याचा बाप डबल बेस नांवाचें मोठें तंतुवाद्य वाजवून संसार चालवी. मुलास एडुआर्ट मार्क्सेन यांच्यासारखे चांगले गुरु लाभले. १८५३ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो एका व्हायोलिनवादकाबरोबर दौऱ्यावर निघाला असतां हॅनोव्हर येथें त्याची व योझेफ योआखिम याची गांठ पडली. योआखिम त्याच्याहून दोनच वर्षांनीं वडील. परंतु बाराव्या वर्षीं लंडनमध्यें बेथोव्हनची व्हायोलिनसाठीं लिहिलेली मोठी रचना वाजवून त्यानें नांव मिळविलें होतें, व आतां तो हॅनोव्हरच्या दरबारीं वाद्यवृंदाचा अग्रणी होता. दोघांची मैत्री जुळावयास वेळ लागला नाहीं.

त्याच वर्षींच्या शरदांत ब्राम्स ड्यूसेलडॉर्फला रॉबर्ट शूमान यांच्या घरीं गेला. शूमान यांनीं त्याचें वादन ऐकलें आणि २८ ऑक्टोबरच्या अंकांत ‘नव्या वाटा’ अशा मथळ्याचा लेख लिहून, आपण ज्याची वाट पाहत होतों तो हाच, असें सर्व जर्मनीस कळविलें. विसाव्या वर्षीं असली स्तुति पदरीं पडणें हें सुख म्हणावें कीं संकट, याचा निर्णय आम्हांस करवत नाहीं. चारच महिन्यांनीं, २७ फेब्रुवारी १८५४ रोजीं, मनाच्या विकारांत शूमान यांनीं ऱ्हाईन नदींत उडी घेतली. ते वांचले, पण पुढें बॉनजवळच्या एन्डेनिख येथील रुग्णालयांतून परत आले नाहींत. त्यांच्या पत्नी क्लाराबाई स्वतः नामांकित पियानोवादक. सहा मुलें पदरीं व सातवें पोटांत. ब्राम्स त्या घरीं धांवून गेला. बाई जलशांसाठीं गांवोगांव जात, तेव्हां मुलांकडे पाहण्याचें व घरखर्चाची वही लिहिण्याचें कामही हा करी.

या धकाधकींत त्याला स्वतःची उणीव खुपूं लागली. साऱ्या देशानें ज्याच्याकडे डोळे लावले, त्याला आपल्या हातांत पुरेसें बळ नाहीं असें वाटत होतें. २६ फेब्रुवारी १८५६ रोजीं त्यानें ड्यूसेलडॉर्फहून योआखिमला पत्र लिहिलें. त्यांतील योजना अशी: दर रविवारीं टपालानें अभ्यासाचे कागद इकडून तिकडे गेलेच पाहिजेत. एका रविवारीं एकानें आपलें काम पाठवावें. पुढच्या रविवारीं दुसऱ्यानें तें तपासून, आपल्या कामासह परत करावें. ज्याचा वार चुकेल त्यानें एक थेलर, म्हणजे त्या वेळचें तिकडचें चांदीचें नाणें, दंड भरावा, आणि त्या पैशांतून दुसऱ्यानें पुस्तकें घ्यावींत. सूट एकच: अभ्यासाऐवजीं कोणी स्वतंत्र रचनाच पाठविली, तर दंड माफ. त्या वेळीं ब्राम्स बावीस वर्षांचा होता, योआखिम चोवीस. गुरु दोघांतला कोणीच नव्हता.

अभ्यास कशाचा, हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. आपल्याकडे एक गायक गातो व साथ त्याच्या मागून येते. युरोपांतल्या जुन्या आचार्यांनीं एकाच वेळीं दोन, तीन, चार सुरावटी चालवावयाचें शास्त्र रचलें; प्रत्येक सुरावट एकटी म्हटली तरी पुरी वाटावी, आणि सगळ्या मिळून कानास गोड लागाव्यात. यास ते काउंटरपॉइंट म्हणतात. कॅननमध्यें एकानें सुरावट धरून पुढें जावें व तीच सुरावट दुसऱ्यानें कांहीं मात्रा मागून उचलावी. पहिल्यानें जें गाइलें तें दुसऱ्याच्या खालीं बसलेंच पाहिजे. दुहेरी काउंटरपॉइंट याहून अवघड. तेथें वरची सुरावट खालीं व खालची वर नेली तरी बिघडतां कामा नये.

यांतला एक नियम आपल्याला चमत्कारिक वाटेल. षड्ज-पंचम हें आपलें परम पवित्र नातें. तंबोरा त्यावरच उभा. तिकडे मात्र दोन सुरावटी षड्ज-पंचमाच्या अंतरानें लागोपाठ बरोबर सरकल्या तर तो दोष मानतात. कारण सरळ आहे: इतकें जवळचें नातें असलें कीं दोन आवाजांचें वेगळेपण विरघळतें आणि ते एकच वाटूं लागतात. या नियमाची ब्राम्सला इतकी जिज्ञासा होती कीं थोर आचार्यांनीं तो कोठें कोठें मोडला, त्याचीं उदाहरणें तो एका टिपणवहींत जमवीत असे. ती वही त्याच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं, १९३३ सालीं, छापली गेली.

करार सुरू झाला. ब्राम्सचे कागद जात राहिले. योआखिमला दरबारची नोकरी, दौरे, जलसे. त्याचे रविवार हुकूं लागले व थेलर भरण्याची पाळी त्याच्यावरच येऊं लागली. मात्र जेव्हां तो लिही तेव्हां मनापासून लिही. त्या वसंतांत ब्राम्सनें चार आवाज व ऑर्गन यांसाठीं एक भक्तिगीत रचलें. त्यांत एक नव्हे तर दोन कॅनन एकाच वेळीं चालतात: तिसरा आवाज पहिल्याच्या मागून जातो, चौथा दुसऱ्याच्या मागून, आणि ऐकणाऱ्यास त्या कसरतीची जाणीवही होत नाहीं. योआखिमनें तें सुंदर म्हटलें, आणि कानाला खटकणाऱ्या जागांवर बोटही ठेवलें. ब्राम्सचा प्रश्न तरी हाच होता. कारागिरी बाजूला ठेवली तर हें चांगलें संगीत आहे काय, असें तो मित्राला विचारीत होता. आमच्या मतें या सबंध व्यवहाराचें मर्म त्या एका प्रश्नांत आहे. नियम पाळला गेला कीं नाहीं, हें शिकणारा स्वतःच ताडून पाहूं शकतो. संगीत झालें कीं नाहीं, हें दुसऱ्याच्या कानावांचून कळत नाहीं.

जुलै १८५६ मध्यें शूमान वारले, आणि तो पहिला भर ओसरला. त्या कागदांपैकीं भक्तिगीत १८६४ सालीं छापून निघालें. एका कॅननबद्ध मासचे भाग मात्र तसेच पडून राहिले. त्यांतील कांहीं मजकूर ब्राम्सनें वीस-एकवीस वर्षांनीं दुसऱ्या एका रचनेंत वापरला, आणि मूळ मास १९८४ पर्यंत अप्रकाशितच होती.

तपासून घेण्याची संवय मात्र सुटली नाहीं. पियानो व वाद्यवृंद यांसाठीं केलेल्या पहिल्या मोठ्या रचनेचीं पानें तो योआखिमकडे पाठवी व तीं दुरुस्त्यांसह परत येत. ती जानेवारी १८५९ मध्यें लाइपझिगला वाजली तेव्हां लोकांनीं ती फूत्कारून पाडली. आपण अजून चांचपडतों आहों, पण इतका फूत्कार जरा जास्तच झाला, असें ब्राम्सनें मित्राला कळविलें. १८६२ सालीं त्यानें पांच तंतुवाद्यांसाठीं एक रचना केली. क्लाराबाईंना ती फार आवडली. योआखिमनें मात्र वाजवून पाहिल्यावर, नादाला मोहकपणा नाहीं, असें स्पष्ट कळविलें. ब्राम्सनें ती दोन पियानोंसाठीं फिरवून लिहिली. तेव्हां क्लाराबाई म्हणाल्या कीं इतक्या समृद्ध कल्पनांस दोन पियानो अपुरे पडतात. अखेरीस १८६४ मध्यें एक पियानो व चार तंतुवाद्यें असें रूप त्यानें दिलें, तेंच आज जगभर वाजतें. पहिलें रूप त्यानें नष्ट करून टाकलें.

परंतु तो मान तुकविणारा शिष्यही नव्हता. १८७८ मध्यें व्हायोलिनची रचना योआखिमसाठींच लिहिली, व अवघड, अडचणीचें, अशक्य असेल तें खूण करून दाखीव म्हणून तीं पानें त्याच्याकडे धाडलीं. योआखिमनें पुष्कळ सूचना केल्या. ब्राम्सनें त्यांतल्या बऱ्याच गुमान बाजूस ठेवल्या.

या गोष्टींत एक सल आहे. योआखिमही रचनाकार होता. आपली हंगेरियन पद्धतीची व्हायोलिनची रचना त्यानें ब्राम्सलाच अर्पण केली. पुढें त्याचें लिहिणें ओसरत गेलें. मित्राचे कागद तपासतां तपासतां त्यास आपलें माप कळलें असेल काय? आम्हांस तसें वाटतें.

पुढें १८८० च्या सुमारास योआखिमला पत्नी आमालिया हिच्या वर्तनाचा संशय आला. तो निराधार आहे अशी ब्राम्सची खात्री होती, आणि तसें पत्र त्यानें तिला लिहिलें. घटस्फोटाच्या खटल्यांत तिनें तें न्यायालयापुढें ठेवलें व योआखिमचा दावा फेटाळला गेला. वर्षानुवर्षें सुरांतल्या चुका एकमेकांस निर्भयपणें सांगणाऱ्या मित्रांना संसारांतली ही एक चूक सांगितलेली सोसली नाहीं. योआखिम ब्राम्सच्या रचना वाजवीत राहिला, पण बोलणें जवळजवळ बंद पडलें.

१८८७ च्या उन्हाळ्यांत ब्राम्सनें व्हायोलिन व चेलो या दोहोंसाठीं एक रचना केली, आणि ती पाहणार काय, असें योआखिमला पत्रानें विचारलें. योआखिमनें होकार दिला. सप्टेंबरांत बाडन-बाडन येथें क्लाराबाईंच्या सान्निध्यांत दोघे त्या कागदांवर बसले. बाईंनीं आपल्या रोजनिशींत हें समेटाचें काम म्हणून नोंदविलें. १८ ऑक्टोबर रोजीं कोलोन येथें योआखिम व चेलोवादक हाउसमान यांनीं ती प्रथम वाजविली, ब्राम्स स्वतः वाद्यवृंदापुढें उभा होता. वादकांनीं सुचविलेल्या फेरफारांपैकीं कांहीं त्यानें घेतले, कांहीं सोडले.

हकीकत संपली तेव्हां बरीच रात्र झाली होती. पुतण्यानें वही पुढें केली. आम्हीं पेन्सिल घेतली व अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून आरंभ केला.