अक्षरांची काटकसर

एटापल्लीसारख्या अरण्यातील तालुक्यात कित्येक गावी मोबाइलची रेंज आली म्हणजे तेवढ्यात काम उरकून घ्यावे लागते. अशा वेळी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गावाला मिळालेला दोन पानांचा कागद उतरता उतरेना, तर दोष नेहमी टॉवरचाच असतो असे नाही. पुष्कळदा तो पीडीएफ बनविणाऱ्याचाही असतो. ती आटोपशीर कशी करावी, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम चित्र आणि मजकूर यांतील भेद पाहू. ए-फोर पान इंचाला ३०० ठिपके या मापाने स्कॅन केले तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. ते नुसते काळे-पांढरे धरले तरी दाबून लहान करण्यापूर्वी ११ लाख बाइट भरतात. तेच पान टाइप केलेले असून त्यात २,००० अक्षराकृती असतील, तर प्रत्येकी दोन बाइटांप्रमाणे मजकूर ४,००० बाइटांत बसतो.

परंतु मजकुरातही उधळपट्टी होते. १९८४ सालच्या पोस्टस्क्रिप्टमध्ये 'मूव्हटू' म्हणजे 'अमुक जागी जा'. या आज्ञेला आरंभी एकदाच 'एम' हे नाव दिले की सहा इंग्रजी अक्षरांचे काम एका अक्षरात भागते. १९९३ साली आलेल्या पीडीएफमध्ये आज्ञा मुळातच आखूड आहेत. पण अडाणी प्रोग्राम प्रत्येक अक्षराची जागा नव्याने सांगत बसतो. वास्तविक अक्षराची रुंदी फाँटात नोंदलेलीच असते. गाडीवान बैलांना प्रत्येक झाडाशी हाकारत नाही, वळणावर हाकारतो. तसा ओळीचा आरंभ सांगावा, सबंध ओळ द्यावी, आणि अंतर कमीजास्त हवे तेथेच आकडा घालावा. तोही १२३.४५६७८९ असा नको, १२३.४६ पुरे, पॉइंटाचा शंभरावा भाग म्हणजे इंचाचा ७,२०० वा, तो डोळ्यांस दिसत नाही. फाँटातील वापरलेल्या आकृतीच तेवढ्या ठेवाव्यात, आणि शेवटी सारे फ्लेट पद्धतीने दाबावे.

एके ठिकाणी मात्र हात आखडू नये. फाइलीत अक्षरे नसतात, आकृतींचे क्रमांक असतात. कोणता क्रमांक कोणत्या अक्षराचा, हे युनिकोडचे कोष्टक सांगते. जोडाक्षरांच्या मराठीला त्याची फारच गरज. ते गाळले तर पान जसेच्या तसे दिसते, पण त्यात आपल्या गावाचे नाव शोधू गेल्यास सापडत नाही, आणि अंधांना वाचून दाखविणारे यंत्र अडखळते. हक्काच्या कागदाची अशी गत होऊ नये. पुनरुक्ती खुशाल गाळावी. अर्थाला हात लावू नये.