मुदत संपलेला बीटा आणि अडकलेला फोन

ऑगस्ट २०१८च्या अखेरीस आयफोन वापरणाऱ्या अनेकांना एका सूचनेने हैराण केलं. फोन उघडला की पडद्यावर मजकूर येई: आयओएसचं नवं अपडेट आलं आहे, बीटा सोडा आणि ते टाकून घ्या. सूचना बाजूला सारावी, फोन ठेवावा आणि पुन्हा उघडावा, तर ती पुन्हा हजर. सेटिंग्जमध्ये जाऊन पाहावं तर अपडेटचा पत्ता नाही. या सगळ्या फोनांत आयओएस १२ची अकरावी बीटा आवृत्ती होती आणि आपली मुदत संपत आली आहे, असा चुकीचा हिशेब ती करत होती. ॲपलने ३१ ऑगस्टला बारावी बीटा आवृत्ती दिली तेव्हा हा त्रास थांबला. ऑक्टोबर २०२०च्या शेवटी आयओएस १४.२च्या बीटावर जवळपास हाच प्रकार पुन्हा घडला.

दोन्ही वेळा मुदत खरोखर संपलेली नव्हती, म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही. पण फोनमधल्या प्रणालीला अशी मुदत असते, हेच अनेकांना तेव्हा प्रथम कळलं.

बीटा म्हणजे पक्की होण्याआधीची, चाचणीसाठी दिलेली आवृत्ती. ॲपल दर जूनमध्ये आयफोनची पुढची प्रणाली जाहीर करतं, लगेच तिचा पहिला बीटा देतं आणि साधारण सप्टेंबरात पक्की आवृत्ती सर्वांना मिळते. मधल्या तीन महिन्यांत दोष शोधायचे आणि ॲप तयार करणाऱ्यांनी आपली ॲप नव्या प्रणालीवर तपासून घ्यायची, हा बीटाचा हेतू. २०१५पर्यंत आयओएसचा बीटा अधिकृतपणे फक्त नोंदणीकृत डेव्हलपरांसाठी असे. त्या वर्षी सामान्य ग्राहकांसाठी सार्वजनिक बीटा सुरू झाला आणि २०२३च्या जूनपासून तर डेव्हलपरांचा बीटाही वार्षिक शुल्काशिवाय मिळू लागला. आज कॉलेजातला मुलगा सेटिंग्जमध्ये दोन-तीन ठिकाणी बोट लावून तो टाकू शकतो. सोय चांगली आहे, पण आपण काय स्वीकारतो आहोत हे न कळता पुढे जाणाऱ्यांची संख्याही तिने वाढवली.

मुदत का घालतात? अर्धवट प्रणालीत सुरक्षेची भोकं असतात आणि पक्की आवृत्ती आल्यावर ती बुजवायला कोणी परत येत नाही. अशी प्रणाली कुणाच्या खिशात वर्षानुवर्षं पडून राहणं धोक्याचं. शिवाय जुन्या बीटावरून आलेल्या तक्रारी कंपनीच्याही उपयोगाच्या नसतात.

मुदत कशी संपवावी, याचे मात्र वेगवेगळे मार्ग आहेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ची चाचणी आवृत्ती लोकांना दिली तेव्हा तिची मुदत १ जून २०१० होती. त्याआधी तीन महिने, म्हणजे १ मार्चपासून, ती असलेले संगणक दर दोन तासांनी आपोआप बंद होऊ लागले. त्रासदायक खरं, पण माणसाला फायली हलवायला पुरेसा वेळ मिळाला. आयफोनचा जुना मार्ग याहून कठोर होता. बीटासाठी डेव्हलपरच्या एका खात्यावर वर्षाला शंभर आयफोनची नोंदणी होत असे, आणि त्यातल्या जागा इंटरनेटवर पैसे घेऊन विकणारेही होते. २०१३मध्ये आयओएस ७चं रूप पूर्ण बदललं तेव्हा डेव्हलपर नसलेल्या अनेकांनी ते बघण्याच्या उत्सुकतेपोटी बीटा टाकला. मुदत संपली की असा फोन पुन्हा ॲक्टिव्हेशन मागे आणि ॲपलचा सर्व्हर ते नाकारे. फोटो, संपर्क, निरोप सगळं फोनच्या आतच असे, फक्त मालकाला तिथवर पोचता येत नसे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. मुदत संपून अडकलेला फोन बिघडलेला नसतो. त्याची बॅटरी, पडदा, चिप सगळं ठणठणीत असतं आणि तो घरच्या घरी पूर्ववत करता येतो. जपायचं असतं ते आतल्या माहितीला.

फोन अजून उघडत असेल, नुसत्या सूचना येत असतील, तर काम सोपं आहे. आधी बॅकअप घ्यावा. मग सेटिंग्जमधल्या सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर बीटा अपडेटचा पर्याय बंद करावा. त्या प्रणालीची पक्की आवृत्ती आलेली असेल तर ती तिथेच दिसते, आणि ती टाकल्याने माहिती पुसली जात नाही.

फोन उघडतच नसेल तर संगणक आणि केबल लागते. मॅकवर २०१९च्या कॅटलिनापासून हे काम फाइंडरमध्ये होतं, त्याआधीच्या मॅकवर आयट्यून्समध्ये. विंडोजवर ॲपल डिव्हायसेस किंवा आयट्यून्स वापरतात. फोन केबलने जोडायचा आणि रिकव्हरी मोडमध्ये न्यायचा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनांवर आवाज वाढवण्याचं बटण दाबून लगेच सोडायचं, मग आवाज कमी करण्याचं तसंच, आणि नंतर बाजूचं बटण दाबून धरायचं. ॲपलचं सफरचंद दिसलं तरी बोट उचलायचं नाही. संगणक आणि केबलचं चित्र येईपर्यंत धरून ठेवायचं. घाईत बोट उचललं जातं आणि फोन नेहमीसारखा सुरू होऊन पुन्हा त्याच अडलेल्या पडद्यावर येतो.

आता संगणक दोन पर्याय देतो: अपडेट आणि रिस्टोअर. इथे थांबावं. अपडेट निवडलं तर माहितीला हात न लावता प्रणाली पुन्हा टाकण्याचा प्रयत्न होतो, रिस्टोअर मात्र सगळं पुसतं. त्यामुळे आधी अपडेटच करून पाहावं. बीटा आयओएस १२चा आणि पक्की आवृत्तीही १२चीच, असं असेल तर ते सहसा जमून जातं. पण पुढच्या वर्षीच्या प्रणालीचा बीटा टाकलेला असेल आणि तिची पक्की आवृत्ती अजून आलेलीच नसेल, तर मागे येण्यासाठी रिस्टोअरशिवाय वाट नाही.

प्रणालीची फाइल कित्येक जीबींची असते. ती उतरायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली तर फोन रिकव्हरी मोडमधून आपोआप बाहेर पडतो. मंद इंटरनेटवर असं हमखास होतं आणि माणूस समजतो की फोन आता कायमचा गेला. फाइल पूर्ण उतरू द्यावी आणि मग बटणांची क्रिया पुन्हा करावी, इतकंच. ज्या घरात इंटरनेट येतं ते त्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून, तिथे दुसऱ्या कुणाचा तरी फोन आधीच मागून ठेवावा लागतो.

फाइल आधीपासून संगणकावर असली तरी इंटरनेट लागतंच. प्रत्येक आयफोनच्या चिपला स्वतःचा क्रमांक असतो. रिस्टोअर करताना संगणक तो क्रमांक आणि हवी ती आवृत्ती ॲपलच्या सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर त्या एका फोनपुरती डिजिटल सही करून देतो. सहीशिवाय सातबारा ग्राह्य धरत नाहीत, तशी सहीशिवायची प्रणाली फोन स्वीकारत नाही. ही व्यवस्था २००९च्या आयफोन ३जीएसपासून आहे. नवी आवृत्ती आल्यावर काही दिवसांतच ॲपल जुनीवर सही करणं थांबवतं, म्हणून कुणीतरी दिलेली दोन वर्षांपूर्वीची फाइल कितीही नीट जपलेली असली तरी चालत नाही. रिस्टोअर करताना ३१९४ क्रमांकाची त्रुटी आली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं: एक तर त्या आवृत्तीवर आता सही होत नाही, किंवा संगणक ॲपलच्या सर्व्हरपर्यंत पोचत नाही.

घड्याळ मागे नेण्याची युक्तीही अनेक जण सांगतात. फोनची तारीख मागे नेली की मुदत लांबते, असा तर्क. पण चुकीच्या तारखेवर सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, व्हॉट्सॲप तारीख दुरुस्त करायला सांगून अडून बसतं, आणि ज्या फोनला सर्व्हरकडूनच परवानगी हवी आहे त्याला या युक्तीचा उपयोग नाही.

रिस्टोअरनंतर माहिती परत काढून देतो, असं सांगणाऱ्या दुकानदारावर विश्वास ठेवू नये. आयफोनमधली माहिती कूटरूपात साठवलेली असते. पुसताना फोन सगळी साठवण धूत बसत नाही, ती उलगडणारी किल्ली नष्ट करतो, आणि म्हणूनच ते काम इतक्या लवकर होतं. किल्ली गेल्यावर उरतात ती निरर्थक अक्षरं. तसंच पूर्ववत झालेला फोन सुरू होताना जुन्या मालकाचा ॲपल आयडी आणि पासवर्ड मागतो. चोरी रोखण्यासाठी हे कुलूप २०१३च्या आयओएस ७पासून आहे. जुना फोन विकत घेणाऱ्याने त्यावर बीटा आहे का आणि आधीच्या मालकाचं खातं निघालं आहे का, दोन्ही पैसे देण्याआधी बघावं.

सर्वांत जास्त लोक फसतात ते बॅकअपमध्ये. नव्या प्रणालीवर घेतलेला बॅकअप जुन्या प्रणालीच्या फोनवर चढत नाही. बीटा टाकल्यावर मोठ्या काळजीने रोज बॅकअप घेतला आणि नंतर मागे यायचं ठरलं, तर तो हातात असून कामाचा राहत नाही. म्हणून बीटाच्या आधी संगणकावर बॅकअप घेऊन तो आर्काइव्ह करावा, असं ॲपलही सांगतं. आर्काइव्ह केलेला बॅकअप पुढच्या बॅकअपखाली दडपला जात नाही. तो पासवर्ड घालून घेतला तर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदीही त्यात येतात.

अँड्रॉइडवालेही यातून सुटलेले नाहीत. पिक्सेल फोनवर बीटा कार्यक्रम मध्येच सोडला तर जुन्या आवृत्तीवर परत नेणारं अपडेट येतं आणि ते टाकलं की सगळं पुसलं जातं. ते न टाकता पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबलं तर माहिती राहते. काही वेळा मागचं दार कायमचंच बंद होतं. ऑगस्ट २०२२मध्ये पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६एवर अँड्रॉइड १३ टाकल्यावर अँड्रॉइड १२वर परतणं गूगलने सुरक्षेच्या कारणासाठी अशक्य केलं.

आपल्याकडे फोन रिकामा होणं म्हणजे फोटो जाण्यापुरतं राहिलेलं नाही. यूपीआय ॲप सिम कार्ड आणि फोन दोन्ही ओळखून चालतं, त्यामुळे पुसलेल्या फोनवर बँकेची नोंदणी एसएमएसने पुन्हा करावी लागते. ओटीपी देणारी ऑथेंटिकेटर ॲप आधी दुसरीकडे नेली नसतील तर ईमेलसुद्धा उघडत नाही. दुकानाचे पैसे ज्या फोनवर येतात, आईवडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या ज्यात आहेत, त्या फोनवर बीटा टाकू नये. घरात जुना, पडून असलेला फोन असेल तर त्यावर हौसेने टाकावा. आणि एकुलत्या एक फोनवर टाकायचाच असेल, तर आजच संगणकावर बॅकअप घ्या, तो आर्काइव्ह करा आणि त्याचा पासवर्ड फोनबाहेर, वहीत लिहून ठेवा.